तीन खुर्च्या, एक दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मी वकिली करतो, एका पतसंस्थेचा अध्यक्ष आहे आणि नगर परिषदेत सदस्य. मोठ्या शहरात ही तीन माणसांची कामं असतात. इथे तीनही दारांनी येणारा माणूस बहुधा एकच असतो: सकाळचा पक्षकार, दुपारचा मतदार आणि संध्याकाळचा कर्जदार.

सकाळी 5.30

घर जागं होण्याआधीचा हा वेळ वाचनाचा. आज धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात उलटतपासणी आहे. भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत, दोन्ही सात-बारे आणि जुने फेरफार समोर ठेवून प्रश्न काढतो. शेजारच्या वावरात पाच-सहा फूट घुसलेला धुरा दोन भावांचं बोलणं कायमचं बंद करतो. म्हणून असली फाइल मी लहान समजत नाही.

सकाळी 7.30

ओसरीवर माणसं जमलेली असतात. पहिले गृहस्थ रेल्वेसाठी जमीन गेलेले. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग आमच्या तालुक्यातून जातो. वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, पुढचं काम चालू आहे. ज्या गावाची शकुंतला रेल्वे बंद पडली, त्याला या गाडीची ओढ असणारच. पण मोबदला कमी वाटत असेल तर रक्कम उचलताना हरकत नोंदवूनच सही करायची आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतीत द्यायचा. मुदत गेली की खरी तक्रारही कोरडी पडते. तारीख त्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो.

मग एक बाई पुढे येतात. नवरा गेला, कर्ज राहिलं. सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला निघाला आहे.

“माह्या वावरावर जप्ती येते म्हणतात. तुमीच कायतरी करा जी, वकीलसाहेब.”

कर्ज आमच्याच पतसंस्थेचं. मी त्यांना सांगतो, “बाई, या कामात मी तुमचा वकील होऊ शकत नाही. पैसे मागणाऱ्या संस्थेचा मी अध्यक्ष आहे.” त्यांचा चेहरा उतरतो. पण गोड बोलून कागद ठेवून घेणं ही त्यांची फसवणूक ठरली असती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे. चिठ्ठी देतो आणि अकराला तिथे यायला सांगतो.

सकाळी 9.45

पतसंस्थेत अर्धा तास. बार कौन्सिलचे नियम वकिलाला कंपनीच्या संचालक मंडळावर बसू देतात, पण कार्यकारी काम करू देत नाहीत. तोच दंडक मी इथे पाळतो. रोजचा कारभार व्यवस्थापक बघतात, माझ्या सहीने कुणाला कर्ज मिळत नाही.

एक निवृत्त शिक्षक ठेव ठेवायला आलेत. त्यांना स्वच्छ सांगतो, “गुरुजी, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. तो सहकारी बँकेलाही लागू आहे, पतसंस्थेला नाही. सगळी पुंजी एका जागी ठेवू नका.” व्यवस्थापकांना हे आवडत नाही. पण ठेवीदाराला खरं सांगणं हे अध्यक्षाचं पहिलं काम आहे.

सकाळी 11

कोर्ट. पुकारा होईपर्यंत त्या बाईंना समितीच्या वकिलांकडे पोहोचवतो आणि मागे फिरतो. आत काय बोलणं होतं ते ऐकण्याचा मला अधिकार नाही.

उलटतपासणी तासभर चालते. मोजणीच्या वेळी आपण हजर होतो, हे प्रतिवादी कबूल करतो. दावा तिथेच अर्धा सुटतो.

दुपारी 2

बाररूममध्ये डबा. वकिलाने सार्वजनिक जीवनात असणं या जिल्ह्याला नवं नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळला वकिली करत. 1930 साली पुसदच्या जंगल सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. त्यांच्या पिढीचा वकील सत्तेच्या समोर उभा होता. आज आम्ही सत्तेच्या खुर्चीत बसतो, तेव्हा लगाम आमचा आम्हीच धरला पाहिजे.

दुपारी 4

नगर परिषदेची सभा. पाणीपुरवठ्याच्या विषयावर मी बोलतो: कोणत्या वस्तीला किती दिवसांनी पाणी येतं, याचा तक्ता दर महिन्याला सभेपुढे यावा. पुढचा विषय गाळ्यांच्या भाडेपट्ट्याचा. एक गाळेधारक माझा पक्षकार आहे. तसं सांगून मी सभागृहाबाहेर जातो आणि इतिवृत्तात नोंद करायला लावतो.

संध्याकाळी 6.30

पतसंस्थेचं संचालक मंडळ. थकबाकीच्या यादीत ते नाव येतं. बाई सकाळी माझ्याकडे आल्या होत्या, हे मी आधी सांगतो. विषयाच्या वेळी खुर्ची उपाध्यक्षांकडे देतो, मत देत नाही. फक्त एक वस्तुस्थिती ठेवतो, कारण ती सर्वांसाठी सारखी आहे: कलम 101 च्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर वसुलीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्यालाच पैसे नाहीत, त्याला हे दार बंदच असतं. म्हणून दाखला मागण्याआधी प्रत्येक मृत कर्जदाराच्या वारसाला बोलावून ऐकावं. मंडळ ते मान्य करतं. बाईंचं प्रकरण तडजोडीसाठी लोकअदालतीत न्यायचं ठरतं.

रात्री 9

लहान गावात कायदा आणि हिशेब दोन्ही जाणणारी माणसं थोडी, म्हणून खुर्च्या एकाकडे गोळा होतात. त्याने गावाची कामं होतात. पण त्या माणसाच्या चांगुलपणावर गावाने विसंबणं बरं नाही. उद्या माझ्या जागी दुसरा येईल, त्याच्यासाठी नियम लिहिलेला हवा.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेसाठी आज ठरावाचा मसुदा पुरा केला. वकील असलेल्या संचालकाने संस्थेच्या कोणत्याही थकबाकीदाराचं वकीलपत्र घेऊ नये, आपला संबंध असलेल्या विषयाच्या वेळी बैठक सोडावी आणि त्या नोंदी दरवर्षी सभासदांपुढे ठेवाव्यात. सूचक म्हणून सही माझी आहे. अनुमोदन मंडळाबाहेरच्या एखाद्या सभासदाकडून घेणार आहे.