भूत पडद्यावरचे आणि भूत घरातले

या कार्यक्रमात आपण एरवी बचत, कर्जाचा हप्ता, शेळीपालन असे विषय बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे : भुताचे सिनेमे. गटाची बैठक संपली, वहीवर सह्या झाल्या की आमच्यात सिनेमाचा विषय निघतोच. आता तर सिनेमा मोबाईलवर आला आहे. लेकी-सुना रात्री पांघरुणात बघतात आणि मग अंगणात जायलाही सोबत मागतात. पण एक सिनेमा बघून झोप उडते आणि दुसरा बघून हसू येते, असे का होते, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, दचकणे वेगळे आणि घाबरणे वेगळे. मागून कोणी 'भॉ' केले की आपण दचकतो. मांडणीवरून पातेले पडले तरी दचकतो. त्याला भूत लागत नाही. पुष्कळ सिनेमे एवढेच करतात : शांतता, मग एकदम मोठा आवाज, आणि बाहेर येते मांजर. दोनदा चालते, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. भीती सावकाश चढते. इंग्रजी सिनेमाचा मोठा दिग्दर्शक हिचकॉक हे फार सोपे करून सांगत असे. चार माणसे टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर आपण क्षणभर हादरतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे आपल्याला आधी दाखवले आणि त्या माणसांना माहीत नसले, तर त्याच साध्या गप्पा ऐकताना आपला जीव खालीवर होतो. म्हणजे भीती फुटण्यात नाही, वाट बघण्यात आहे.

दुसरी गोष्ट, न दिसलेले जास्त भिववते. १९७५ साली स्पीलबर्ग यांचा 'जॉज' नावाचा सिनेमा आला, माणसे खाणाऱ्या शार्क माशाचा. त्यासाठी यंत्राचा मासा बनवला होता, पण समुद्राच्या पाण्यात तो सारखा बंद पडे. मग मासा न दाखवता पाणी, पाण्यावर ओढले जाणारे पिंप आणि संगीत यांवर काम भागवले. आणि त्यामुळेच लोक समुद्रात पाय टाकायला घाबरू लागले.

आता आपल्याकडचे उदाहरण. रामसे बंधूंचा १९८४ सालचा 'पुराना मंदिर' तेव्हा खूप चालला. त्यातला सामरी नावाचा राक्षस आजची मुले बघतात आणि हसतात, कारण तो वारंवार समोर येतो आणि त्याचा रंगवलेला चेहरा ओळखू येतो. पण रामसेंना नावे ठेवताना एक लक्षात घ्यावे. थोडक्या पैशांत, एकाच घरातले भाऊ कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन वाटून घेऊन सिनेमे काढत होते. घरचा बचत गटच म्हणा ना. जुनी हवेली, धूर आणि करकरणारा दरवाजा एवढ्या भांडवलावर त्यांनी कितीतरी वर्षे लोकांना थिएटरात आणले.

तिसरी गोष्ट आवाजाची. भुताचा प्रसंग आवाज बंद करून बघा, निम्मी भीती जागच्या जागी उतरते. लहान मूल घाबरले तर आवाज बंद करावा. हे रंगवलेले माणूस आहे असे त्याला सांगावे.

चौथी गोष्ट, जागा ओळखीची हवी. हवेलीत आपण कोणी राहत नाही, म्हणून हवेलीची भीती सिनेमाबरोबर संपते. राम गोपाल वर्मांच्या २००३ सालच्या 'भूत'मध्ये ना हवेली आहे ना गाणी. मुंबईतली एक उंच इमारत, त्यातला साधा फ्लॅट आणि लिफ्ट. ज्यांची मुले मुंबईला आहेत त्यांना ती लिफ्ट विसरता येत नाही. आपल्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू तर बाहुलाच होता. १९९३ साली आम्ही लहान होतो. सिनेमा विनोदी, पण घरातल्या बाहुलीकडे पाठ करून झोपायची हिंमत होत नसे.

या सगळ्या गोष्टी एकत्र बघायच्या असतील तर मराठीतला 'लपाछपी' बघावा. विशाल फुरिया यांचा हा सिनेमा २०१७ साली प्रदर्शित झाला. पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' नावाने केला. नेहा नावाची गरोदर बाई, दिवस भरत आलेले. नवऱ्यावर पैशांचे संकट आले म्हणून दोघे शहर सोडून खेड्यातल्या एका घरात आसऱ्याला येतात. ते घर उसाच्या फडाच्या मधोमध आहे. पूजा सावंत नेहा झाली आहे आणि घरातली तुळसाबाई उषा नाईक यांनी केली आहे.

उसाच्या गावातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. ऊस डोक्याच्या वर गेला की चार हातांवरचे माणूस दिसत नाही. पाला अंगाला कापतो. वारा नसतानाही कुठेतरी सळसळ होते. काही भागांत तर फडात खरोखर बिबट्या असतो. त्यामुळे हा सिनेमा भर उन्हातही भिववतो, त्याला अंधाराची गरज पडत नाही.

पण त्याची खरी भीती उसात नाही. तुळसाबाई गोड बोलते, नेहाच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देते, चार समजुतीच्या गोष्टी सांगते. आपल्या ओळखीतल्या दहा सासवा तशाच बोलतात. हळूहळू कळते की या काळजीच्या मागे काय आहे आणि मुलीचा जन्म नको असणारी माणसे कुठवर जातात. शेवट आम्ही सांगत नाही. एवढेच सांगतो, की गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला, तरीही हा सिनेमा आपल्याला जुना वाटत नाही. बघून झाल्यावर आमच्या गटात भुताविषयी कोणी बोलले नाही, सगळ्या सोनोग्राफीविषयी बोलल्या.

२०१८ सालचा 'तुंबाड' असाच. पाऊस, पडका वाडा, तळघरातला हस्तर, सगळे आहे. पण भीती वाटते ती बापाचा लोभ पोराच्या अंगात उतरताना बघून. चांगल्या भयपटात भूत हे निमित्त असते, आत आपल्याच घरातली एखादी न बोललेली गोष्ट असते.

मग निराशा कुठे होते? भुताचे नियम मध्येच बदलतात तेव्हा. आधी भूत उंबरा ओलांडत नाही म्हणायचे आणि नंतर ते खुशाल घरभर फिरते. घरातली माणसे उगाच मूर्खासारखी वागतात तेव्हा. शेवटी कोणी मांत्रिक येऊन सगळे पाच मिनिटांत मिटवतो तेव्हा. आणि सगळ्यात जास्त, मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतली बाई उभी केली की झाले भूत, असे मानतात तेव्हा. हडळ, जखीण, चेटकीण या सगळ्या बायकाच का? तिला भूत कोणी केले, हे सांगायला सिनेमा विसरला, तर तो फसला असे आम्ही म्हणतो.

हे नुसते सिनेमापुरते असते तर आम्ही एवढे बोललो नसतो. बाळंतपणानंतर एखादीची झोप उडते, ती एकटीच बोलते, बाळाला जवळ घेत नाही. लगेच कोणी म्हणते, बाहेरचे झाले आहे, सिनेमात दाखवतात तसेच. मग देवऋषी, अंगारा, कधी मारहाणसुद्धा. मैत्रिणींनो, बाळंतपणानंतर असा मनाचा आजार होतो, तो औषधाने बरा होतो, आणि उशीर केला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात न्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, कोंडणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एखादीला चेटकीण ठरवून छळणे हाही गुन्हाच आहे.

तेव्हा पुढचा भुताचा सिनेमा बघाल तेव्हा चार प्रश्न विचारा. आपण नुसत्या दचकलो की खरेच घाबरलो? जे दिसले नाही त्याने भिववले का? ही जागा, ही माणसे ओळखीची वाटली का? आणि त्या बाईला भूत कोणी केले? बघताना लेकीला शेजारी बसवा, पण आधी प्रमाणपत्र वाचा. 'ए' म्हणजे अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. बघून झाल्यावर दिवा लावून दहा मिनिटे तिच्याशी बोला. तुमच्या गटाला कोणता सिनेमा भ्यायला लावून गेला, तेही आम्हाला कळवा.