भातखाचराच्या बांधावरील यकृतका कशा ओळखाव्यात

पाऊस स्थिरावला की कोकणातील व घाटमाथ्यावरील भातखाचरांचे बांध, विहिरींचे कठडे आणि जांभ्याच्या भिंती हिरव्या दिसू लागतात. ह्या साऱ्या हिरवळीस सरसकट ‘शेवाळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात नील-हरित शैवल असते, तशाच यकृतकाही असतात. खाचरातील पाण्यात नील-हरित शैवलाची वाढ चांगली झाल्यास हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. बांधावरील यकृतकांपासून तसे नत्र मिळत नाही. त्यांनाच शैवल समजून युरियाची मात्रा कमी केल्यास पिकाची उपासमार होते.

ओळखण्यासाठी चाकूच्या टोकाने एक तुकडा मातीसह उचलावा, धुवावा आणि दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावा. शैवल बोटांत बुळबुळीत लागते व त्याला ठरावीक आकार नसतो. यकृतकेचे अंग चपटे, पानासारखे व पुन:पुन्हा दुभागलेले असते; खालून केसासारखे बारीक धागे मातीत शिरलेले दिसतात.

ओल्या मातीवर रुपयाएवढी गोल चकती दिसली व तिच्या प्रत्येक फाट्यावर मधोमध पन्हळ असली, तर ती बहुधा ‘रिक्सिया’ होय. हिची बीजुके अंगातच दडलेली असतात; वर देठ येत नाही. ‘टार्जिओनिया’ची खूण अधिक सोपी. फाट्याच्या टोकाखाली शिंपल्यासारखी काळसर दोन झडपांची डबी असते, आणि उघडीप पडताच कडा आत वळून सबंध वनस्पती काळ्या दोरीसारखी दिसते. सावलीतील ओल्या भिंतीवरची अतिशय पातळ, पिवळसर हिरवी व चमकणारी यकृतका ‘सायॅथोडियम’ असते.

फसगत होते ती ‘अँथोसिरॉस’च्या बाबतीत. दिसावयास ही यकृतकाच वाटते. परंतु तिच्यावर शिंगासारख्या उभ्या काड्या येतात व त्या पिकल्यावर शेंड्याकडून दुभंगतात. तिची गणना शृंगकांत होते. तुकडा उजेडासमोर धरल्यास आत गडद निळसर ठिपके दिसतात. ते नत्र स्थिर करणाऱ्या ‘नॉस्टॉक’ शैवलाचे होत. तथापि बांधावरील चार चकत्यांच्या भरवशावर खताचा हिशेब बदलू नये.

क्षेत्रावर ओळख वंशापर्यंतच करावी. रिक्सियाच्या जाती बीजुकांवरील नक्षीवरून ठरतात व त्यास सूक्ष्मदर्शक लागतो. त्यासाठी नमुना कागदाच्या पुडीत सुकवून, ठिकाण व तारीख लिहून, जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दोन दिवसांत कुजतो.