कवचधाऱ्यांचे कूळ आणि वतन

१

वेसावे, सातपाटी, हर्णै किंवा मालवण यांपैकी कोणत्याही बंदरावरील बाजारात जवळा, कोळंबी, शेवंड आणि चिंबोरी ही चार नावे हरघडी कानांवर पडतात, आणि विकणारीला व घेणाऱ्याला व्यवहारापुरती ती पुरेशीही असतात. परंतु व्यवहारापुरत्या समाधानावर न थांबणाऱ्या प्राणिशास्त्राने या चौघांना ज्या अवाढव्य परिवारात बसविले आहे, त्याचा विस्तार पाहिला म्हणजे मासळीबाजाराची हद्द किती तोकडी आहे ते ध्यानी येते. २०११ च्या सुमाराच्या एका गणतीनुसार कवचधारी प्राण्यांच्या वर्णन झालेल्या जाती सुमारे ६७,००० भरतात. पसरलेल्या पायांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरांहून अधिक भरणारा जपानच्या समुद्रातला कोळी-खेकडा हा त्यांचा एक टोकाचा प्रतिनिधी, तर सूक्ष्मदर्शकावाचून ज्यांचे अस्तित्वही जाणवू नये असे परजीवी हे दुसऱ्या टोकाचे. विहिरीच्या पाण्यातील सायक्लॉप्स, कुंडीखालच्या ओलसर मातीत राहणारा व बोट लागताच अंगाची गोळी करून घेणारा उदी रंगाचा किडा, जहाजाच्या तळाला चिकटलेले बार्नेकल आणि पावसाळी डबक्यात उताणे पोहणारी परीकोळंबी ही सर्व मंडळी याच घराण्यातली होत.

या घराण्याची सामान्य लक्षणे सांगणे तसे अवघड नाही. खंडयुक्त शरीर, त्यावर कायटिनाचे व पुष्कळदा चुन्याच्या क्षारांनी कठीण झालेले बाह्यकवच, ते वाढीला अपुरे पडू लागले म्हणजे कात टाकून नवे धारण करण्याची रीत, डोक्यावर शृंगिकांच्या दोन जोड्या आणि दुभंगलेल्या शाखांचे पाय, एवढी यादी बहुधा पुरते. अडचण येते ती निराळीच. यांतील कित्येक प्राण्यांच्या ठायी प्रौढपणी यांपैकी एकही लक्षण धडपणे उरत नाही. आणि मग त्यांना या घराण्यात घ्यावे कशाच्या आधारावर, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना जे उमगत गेले, त्याचा मथितार्थ असा की, प्रौढ शरीर हे त्या प्राण्याचा धंदा सांगते, कूळ सांगत नाही. कुळाची साक्ष द्यावी ती त्याच्या बाल्यावस्थेने. प्रस्तुत लेखात या एका सूत्राच्या अनुरोधाने कवचधाऱ्यांचे वर्गीकरण आणि त्यांचे जीवनव्यवहार यांचा परामर्श घेण्याचा विचार आहे.

२

१७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने खेकडे, कोळंब्या, पाणपिसवा आणि ओलसर जागीचे किडे या सर्वांना बिनपंखी कीटकांच्या गणात दाखल केले होते, आणि कवचाच्या शिंपल्यासारख्या दर्शनी रूपावरून बार्नेकलांची रवानगी मात्र कृमींच्या वर्गातील शिंपल्या-शंखांकडे केली होती. पुढे १७७२ मध्ये ब्रुनिख याने कवचधाऱ्यांना स्वतंत्र नाव दिले. तथापि बार्नेकलांचा दावा तसाच पडून राहिला. शरीररचनाशास्त्रातला त्या काळचा अंतिम अधिकार ज्याच्याकडे होता, त्या क्युव्हिएनेही त्यांना मृदुकाय प्राण्यांतच ठेवले. खडकाला कायमचे जखडलेले, चुन्याच्या पाट्यांनी वेढलेले आणि डोके खाली व पाय वर करून पायांनीच अन्न तोंडाकडे ओढणारे हे ध्यान पाहून खेकड्याची आठवण कोणाला व्हावी?

हा दावा निकालात निघाला तो आयर्लंडातील कॉर्क येथे नेमणुकीवर असलेल्या जॉन व्हॉन थॉम्सन या लष्करी शल्यवैद्यामुळे. समुद्राच्या पाण्यातून बारीक जाळे ओढून त्यात सापडणारे सूक्ष्म जीव जिवंत ठेवून त्यांची वाढ पाहण्याचा नाद त्याला होता. ‘झोइआ’ या नावाने १८०२ मध्ये ज्याची स्वतंत्र प्राणी म्हणून नोंद झाली होती, तो लांब काट्याचा, मोठ्या डोळ्यांचा जीव म्हणजे खेकड्याचे पिल्लू होय, हे त्याने प्रथम दाखविले. आणि १८३० मध्ये त्याहूनही विलक्षण गोष्ट त्याने सिद्ध केली. पाण्यात मुक्तपणे पोहणारा एक चिमुकला कवचधारी त्याच्या डोळ्यांदेखत पात्राच्या तळाला चिकटला, त्याने कात टाकली आणि त्याचा बार्नेकल झाला.

या पुराव्याने एक कूळ ठरले. पण त्या कुळातल्या शाखा-उपशाखांची व्यवस्था लावणे बाकीच होते. ते काम चार्ल्स डार्विनने अंगावर घेतले. चिलीच्या किनाऱ्यावर सापडलेल्या, शंखाच्या कवचाला भोक पाडून राहणाऱ्या एका बार्नेकलाचे कोडे सोडविण्यासाठी १८४६ मध्ये त्याने आरंभिलेला उद्योग आठ वर्षे लांबला, आणि १८५१ व १८५४ या सालांचे दोन खंड हयात जातींवर व आणखी दोन अश्मीभूत जातींवर असा त्याचा शेवट झाला. जाती स्थिर नसतात हे मत तोपर्यंत त्याच्या मनात पक्के झालेले होते; पण एकाच जातीच्या व्यक्तीव्यक्तींमध्ये भेद किती असतात आणि दोन जातींमधली सरहद्द आखणे किती मुश्कील असते, याचा प्रत्यक्ष अनुभव त्याला या चुनखडी किड्यांनी दिला.

३

ब्राझीलमध्ये वास्तव्य करून असलेला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्यूलर याने १८६४ मध्ये डार्विनच्या पक्षाची कैफियत मांडणारे जे छोटे पुस्तक लिहिले, त्यातला पुरावा मुख्यतः कवचधाऱ्यांच्या डिंभांचाच, म्हणजे अंड्यातून बाहेर पडणाऱ्या बाल्यरूपांचाच, होता. अंगावर पायांच्या तीनच जोड्या व कपाळी एकच डोळा असलेल्या ‘नॉप्लियस’ नावाच्या डिंभापासून कोळंबीच्या आयुष्याची सुरुवात होते, हे त्याने दाखविले. आणि नेमका हाच डिंभ सायक्लॉप्सचा व बार्नेकलाचाही असल्यामुळे प्रौढपणी एकमेकांचे तोंडही न ओळखणारी ही तीन घराणी जन्मतः सख्खी ठरली.

या सूत्राची खरी कसोटी लागते ती परजीवी जातींपाशी. सॅक्युलिना हा खेकड्याच्या पोटाखाली एका पिवळसर पिशवीच्या रूपाने दिसतो. त्या पिशवीला पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड नाही, आतडे नाही. तिच्यापासून निघालेली मुळांसारखी जाळी मात्र खेकड्याच्या साऱ्या शरीरात पसरून त्याचा पोषक रस शोषीत असते. ग्रासलेला खेकडा कात टाकण्याचे थांबवितो, त्याला प्रजा होत नाही, आणि तो नर असला तरी त्याचे पोट मादीसारखे रुंद होऊन तो त्या पिशवीची, जणू आपलीच अंडी आहेत अशा निष्ठेने, साफसूफ करू लागतो. अशा पिशवीचे कूळ कोणते, हे सांगणार कोण? पण पिशवीतून जे बाहेर पडतात ते नॉप्लियसच. सॅक्युलिना हा बार्नेकलाचा भाऊबंद होय.

सर्पादिकांच्या फुप्फुसांत व श्वासमार्गात राहणाऱ्या जिव्हाकृमींची गोष्ट याहून अवघड, कारण तेथे डिंभही ओळखीचा राहिलेला नाही. त्यांना कोठे बसवावे याविषयी दीर्घकाळ एकमत नव्हते. १९७२ मध्ये त्यांच्या शुक्रपेशींची सूक्ष्म रचना माशांच्या अंगावरील ऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्ग्युलस या कवचधाऱ्याच्या शुक्रपेशींशी जुळल्याचे दिसले, आणि १९८९ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेने त्याच निष्कर्षाला दुजोरा दिला. बाल्यावस्थेची साक्ष जेथे पुसली गेली, तेथे पेशीची साक्ष घ्यावी लागली.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्यात दोन अनपेक्षित वारस दाखल झाले. १९५५ मध्ये हॉवर्ड सँडर्स याने न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या खाडीतल्या चिखलातून काढलेल्या, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या एका आंधळ्या प्राण्याचे वर्णन केले व त्यासाठी एक नवा वर्ग स्थापावा लागला. १९८१ मध्ये जिल येगर या संशोधिकेने बहामा बेटांतील जलमग्न गुहांत सापडलेल्या, गोमेसारख्या लांबट अंगाच्या व उताण्या पोहणाऱ्या प्राण्यांसाठी दुसरा वर्ग स्थापिला. त्यांना ‘रेमिपीड’ म्हणतात. हे प्राणी विषारी असल्याचेही पुढे निष्पन्न झाले.

गुहेतल्या या प्राण्याचे खरे महत्त्व मात्र निराळेच होते. २०१० मध्ये संधिपाद प्राण्यांच्या ७५ जातींमधील ६२ जनुकांची तुलना करणारे एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पुराव्याचा ओघ एकाच दिशेने वाहत आहे. मुंगी, माशी, फुलपाखरू, टोळ ही समस्त कीटकसृष्टी कवचधाऱ्यांची शेजारीण नसून त्यांच्याच वंशवृक्षाची भूमीवर आलेली एक फांदी आहे, आणि हयात कवचधाऱ्यांत तिचे सर्वांत जवळचे नातलग बहुधा हे रेमिपीडच आहेत. लिनियसने खेकड्यांना कीटकांत घातले होते. अडीचशे वर्षांच्या तपासाअंती कीटकांना कवचधाऱ्यांत घालण्याची पाळी आली.

५

कुळाची ही चर्चा केवळ पंडितांच्या करमणुकीची आहे, असे मात्र कोणी समजू नये. कारण जो डिंभ कूळ सांगतो तोच त्या जातीला कोणते पाणी लागते हेही सांगतो. आपल्या बाजारातील मोठी कोळंबी समुद्रात अंडी सोडून मोकळी होते. तिची पिल्ले अनेक रूपे पालटीत खाडीच्या निमखाऱ्या, अन्नसमृद्ध पाण्यात येऊन वाढतात आणि वयात येऊ लागताच पुन्हा समुद्राकडे वळतात. नदीतल्या मोठ्या झिंग्याची वहिवाट नेमकी उलटी: तो गोड्या पाण्यात वाढतो, मादी अंडी पोटाखाली वागविते, आणि पिल्लांना मात्र खाडीचे खारे पाणी लागते म्हणून ती प्रवाहाबरोबर खाली उतरते. दिसायला दोघे भाऊ. पण क्लोमांच्या (कल्ल्यांच्या) रचनेवरून व अंडी जपण्याच्या रीतीवरून शास्त्राने त्यांना दोन निराळ्या उपगणांत ठेवले आहे. खाडीत भराव पडला तर पहिलीची पाळणाघरे बुजतात, आणि नदीवर बंधारा पडला तर दुसऱ्याची वाट तुटते; वर्गीकरणातला भेद असा जमिनीवर उतरतो.

जवळा हा कोळंबीच्याच बाजूचा, परंतु फार तर तीन-चार सेंटिमीटर वाढणारा. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात तो थव्यांनी येतो, वाळवून त्याची सुकट होते, आणि माणसाच्या आधी बोंबिलासारख्या मासळीचे पोट तोच भरतो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती व कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी यांचे मांसात रूपांतर करणारा हा मधला दुवा आहे.

शेवंडाचा डिंभ पानासारखा चपटा व काचेसारखा पारदर्शक असून तो कित्येक महिने भर समुद्रात तरंगत राहतो. किनाऱ्यावरील माद्या सुरक्षित असल्या तरच ही लांबलचक यात्रा पुन्हापुन्हा घडू शकते. मुंबईच्या पाण्यातील चपट्या अंगाच्या वाळूशेवंडाच्या बाबतीत ही तजवीज राहिली नाही; यांत्रिक नौकांच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी अंडीधारी माद्याही उचलल्या, आणि १९९४ च्या सुमारास तेथील त्याची मासेमारी संपुष्टात आली.

गोड्या पाण्यातला सायक्लॉप्स हा दाण्याएवढाही नाही. पण त्याने आपल्या देशातील कित्येक पिढ्यांचे पाय जायबंदी केले. नारूचे डिंभ त्याच्या शरीरात वाढतात, हे रशियन संशोधक फेदचेन्को याने १८७० च्या सुमारास तुर्किस्तानच्या मुलखात शोधून काढले. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला की त्याच्या पायाच्या फोडातून डिंभ पाण्यात जात, सायक्लॉप्स ते गिळी, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर येई. हे चक्र एकदा उलगडल्यावर औषध वा लस यांवाचूनच त्याचा बंदोबस्त करता आला: पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत उतरण्याचा मार्ग बंद करणे आणि सायक्लॉप्सनाशक द्रव्य टाकणे. महाराष्ट्रासह नारूग्रस्त राज्यांत १९८३-८४ पासून ही मोहीम चालली. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. एका क्षुद्र कवचधाऱ्याच्या दिनक्रमाची माहिती एवढी मोलाची ठरली.

६

आता सह्याद्रीकडे वळावे. मुंबई सरकारने दख्खनचा सांख्यिकी वृत्तांत तयार करण्यासाठी १८२४ मध्ये नेमलेल्या कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने जमीन, पीक आणि लोकसंख्या यांच्या टिपणांबरोबरच येथील भूमीवर हिंडणारे खेकडेही टिपून ठेवले, आणि १८३६ मध्ये त्यांपैकी एका जातीचे शास्त्रीय वर्णन कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुडच्या हातून झाले. पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आल्फ्रेड अल्कॉक याने भारतीय खेकड्यांची व्यवस्थित मांडणी केली व १९१० मध्ये गोड्या पाण्यातील खेकड्यांची सूची सिद्ध केली. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने ते काम चालू ठेवले. आज देशातील गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या ज्ञात जाती शंभराहून अधिक आहेत, आणि सह्याद्रीतील नारिंगी-जांभळ्या रंगांच्या खेकड्यांचा ‘घाटियाना’ हा वंश तर २०१४ मध्येच शास्त्रात दाखल झाला.

एवढ्या जाती एकाच डोंगररांगेत का असाव्यात, याचे उत्तर पुन्हा डिंभापाशीच, किंबहुना त्याच्या अभावापाशी सापडते. समुद्रातल्या खेकड्याची पिल्ले प्रवाहावर वाहत शेकडो कोस जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याने ही तरंगती अवस्थाच गाळून टाकली आहे. मादी थोडी पण मोठी अंडी पोटाखाली धरते, आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडून काही काळ तिच्या पोटाशी राहतात. त्यामुळे पिल्लांचा बचाव होतो, पण दूर जाण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. एका सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळी पठारावरचा, खेकडा दरी ओलांडून दुसऱ्या सड्यावर सहसा पोहोचत नाही, आणि कालांतराने प्रत्येक सड्याची जात निराळी होते. त्याच सड्यांवरील पावसाळी डबक्यांत राहणाऱ्या परीकोळंब्यांनी निराळी युक्ती योजिली: डबके आटण्यापूर्वी त्या जाड कवचाची अंडी टाकतात, आणि ती अंडी तापलेल्या जांभ्यावर पुढच्या पावसाची वाट पाहत टिकून राहतात. सह्याद्रीच्याच नावाची त्यांची एक जात २०१४ मध्ये नोंदली गेली.

या सड्यांना महसुली दप्तरात बहुधा ‘पोटखराबा’ म्हणतात, म्हणजे लागवडीस नालायक व आकारणीस अपात्र. शेतीच्या हिशेबाने ही नोंद बरोबरच आहे. परंतु चिरेखाण, पवनचक्की किंवा सुरुंग लावून करावयाची बाग यांना परवानगी देताना तीच नोंद ‘येथे काही नाही’ अशा अर्थाने वाचली जाते, आणि घोटाळा तेथे होतो. ज्या जातीचा सारा मुलूख एका सड्यापुरता आहे, तिच्या बाबतीत सडा फुटणे आणि जात संपणे या दोन घटना उरत नाहीत. जातीची नोंद होण्याआधीच तिची जागा नाहीशी झाली, तर पुढच्या कोणत्याही थॉम्सनला वा अल्कॉकला तिचे कूळ सांगता येणार नाही. म्हणून सड्यावरील परवान्याच्या प्रत्येक अर्जासोबत, पावसाळ्यात त्या सड्याची प्रत्यक्ष पाहणी करून तयार केलेली तेथील प्राण्यांची यादी जोडण्याची सक्ती असावी. साइक्ससारख्या सरकारी नोकराने पीकपाण्याच्या टिपणांबरोबर दोनशे वर्षांपूर्वी जे केले, ते आजच्या महसूल खात्याला करता येणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.