भरती पाहून होडी हाकारावी

आगरदांड्याहून राजपुरीच्या खाडीनें मांदाडच्या बाजूस होडी नेली असतां कुडें येथील 26 बौद्ध लेण्यांच्या पायथ्यानजीक जातां येतें. तेथील दानलेखांत माळी व व्यापारी यांचे उल्लेख आहेत. त्यावरून सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ही खाडी गजबजलेली असावी, असें आम्हांस वाटतें.

परंतु मुलांबाळांसह निघणाऱ्या वाचकांनीं आधीं पंचांग उघडावें. दोन्ही पक्षांत तिथीचा अंक पाऊणपट केला कीं पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते : अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. भरतीबरोबर आंत शिरावें व पाणी उतरूं लागतांच परतावें. रेंगाळणाऱ्यांची होडी चिखलांत रुतते, आणि पुढील भरतीपर्यंत मुलें उन्हांत ताटकळतात. म्हणून तांडेल घाई करूं लागला, तर आमचें एवढेंच सांगणें कीं, फराळाचा डबा तसाच मिटून होडींत बसावें.