जुनें लिनक्स आणि खोळंबलेलें पॅकेज



घरांतील जुन्या संगणकावर किंवा कचेरींतील सर्व्हरवर लिनक्स वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेलें असतें. एके दिवशीं त्यावर एखादें लहानसें पॅकेज बसवावयास घ्यावें, तों दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. कोणी मेमरी वाढवितो, कोणी नवा राउटर आणतो. पुष्कळदां हा प्रकार आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असाच ठरतो.

पॅकेज बसविण्याचे तीन टप्पे असतात. प्रथम कोठारांतून उपलब्ध पॅकेजांची यादी आणावयाची, मग पॅकेज उतरवून घ्यावयाचें आणि शेवटीं तें उलगडून डिस्कवर मांडावयाचें. पडद्यावरील ओळी लक्षपूर्वक पाहिल्यास गाडी कोणत्या टप्प्यावर अडली तें कळतें, आणि निदानाचें अर्धें काम तेथेंच होतें.

जुन्या आवृत्तींत खोळंबा बहुधा पहिल्याच टप्प्यावर होतो. प्रत्येक आवृत्तीला ठराविक मुदत असते. ती संपल्यावर तिचीं पॅकेजें कालांतरानें मुख्य कोठारांतून काढून दप्तरखान्यांत ठेवितात. आपल्या संगणकाजवळ मात्र जुनाच पत्ता राहतो. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजीं संपली. त्यानंतर मिररांची यादी देणारा सर्व्हर बंद झाला आणि पॅकेजें व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग येथें राहिलीं. डेबियनचा दप्तरखाना आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्ग येथें आहे. दारावर स्पष्ट नकार मिळाला तर वेळ जात नाहीं. वेळ जातो तो उत्तरच न देणाऱ्या दारापाशीं. सेंटओएस ७ वरील यम हा प्रोग्रॅम, वेगळें सांगितलें नसल्यास, एका जोडणीसाठीं ३० सेकंद वाट पाहतो. अशीं दहा दारें ठोठावलीं म्हणजे पांच मिनिटें गेलींच. तेव्हां पत्ता बदलणें हाच येथें खरा उपाय होय.

पत्ता बरोबर असूनही प्रत्येक जोडणीपूर्वीं थांबा पडत असेल, तर आयपीव्ही६ कडे पहावें. संगणक ह्या नव्या वाटेनें निघतो, वाट मध्येंच बंद असते, आणि बऱ्याच वेळानें तो जुन्या वाटेकडे वळतो. डेबियनवरील एप्टला केवळ आयपीव्ही४ नें जाण्यास सांगून पहावें. गति सुधारली तर रोग सांपडला.

शेवटच्या टप्प्यावरील विलंब मात्र निराळा. डेबियनचा डीपीकेजी फायली डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घेतो, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर ह्याला वेळ लागतो. वीज मध्येंच गेल्यास मांडणी मोडूं नये म्हणून ही खबरदारी आहे. ती सोडूं नये.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. दप्तरखान्याचा पत्ता दिल्यावर एप्ट कधीं कधीं यादीची मुदत संपल्याची तक्रार करितो. तारखेची तेवढी तपासणी त्या कोठारापुरती शिथिल करण्यास हरकत नाहीं. परंतु उतावीळपणानें सहीची तपासणी कोणी बंद करूं नये. पॅकेज मूळ कर्त्यांकडूनच आलें असून वाटेंत कोणीं त्यांत ढवळाढवळ केलेली नाहीं, ह्याचा पुरावा ती सहीच देते.

दप्तरखान्यामुळें गति परत येते, सुरक्षितता येत नाहीं. तेथें जुना माल मिळतो. नव्यानें उघडकीस आलेल्या दोषांवरील दुरुस्त्या तेथें येत नाहींत. म्हणून घरचे हिशेब, पत्रें, छायाचित्रें ह्यांची प्रत प्रथम दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. मग आवृत्ती बदलावी, व डेबियन असल्यास मधली पायरी न वगळतां एकेक चढावी. हें होईपर्यंत असा संगणक शक्य तितका इंटरनेटपासून दूर ठेवावा.