खड्ड्यातले लोणचे

गेल्या महिन्यात वर्गात 'मुरणे' या क्रियापदावर बोलत होते. लोणचे मुरते, पाणी मुरते, माणूस राजकारणात मुरतो, असे फळ्यावर लिहिले आणि विचारले, "आणखी काय मुरते?" मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, घास मुरतो." वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आले नाही. या मुरलेल्या घासाने एके वर्षी मला माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती.

मुरघास हा शब्द शहरातल्या पुष्कळ वाचकांना नवा वाटेल. हिरवा चारा बारीक तोडायचा, हवा लागू न देता खड्ड्यात दाबून आंबवायचा आणि उन्हाळ्यात रान करपले की गुरांपुढे घालायचा, एवढाच त्याचा अर्थ. हसू नका, पण वैरण टिकवण्याच्या अशाच एका पद्धतीबद्दल फिनलंडच्या व्हिर्टानेन या शास्त्रज्ञाला १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. आमच्या आजीच्या लोणच्याला मात्र गल्लीबाहेर कुणी विचारले नाही.

माझे माहेर मंगळवेढे तालुक्यातले. पावसाच्या ओलीवर काळ्या रानात येणारी मालदांडी ज्वारी हे आमच्याकडचे खरे सोने. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या ज्वारीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. दाणा माणसाचा, कडबा गुराचा. आणि मुरघासाला नेमकी हीच वाटणी मान्य नाही! दाणा चिकात आला, पुरता कठीण झाला नाही, अशा वेळी कणसासकट उभे पीक कापायचे. त्या आधी कापले तर पाणी फार, मागाहून कापले तर ताट वाळलेले; दोन्ही वेळा घास बिघडतो. दादाने मालदांडीला हात लावला नव्हता, विहिरीखालच्या एका एकरात मका पेरला होता. तरीही आमच्या अप्पांच्या पोटात कालवले. "दाना भरलेलं पीक कापायचं? हातातोंडाशी आलेलं?"

अप्पांचे चूक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ते विशीतले. खडी फोडली, परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली, आणि घरची खिलार जोडी वैरणीअभावी सांगोल्याच्या बाजारात मातीमोलाने विकून पायी परत आले. धान्याच्या कणसावर विळा चालवणे हे त्यांना पाप वाटे. दादाचा दुष्काळ निराळा. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याने म्हशी चारा छावणीत नेऊन बांधल्या होत्या आणि त्यांना रोज उसाच्या कांड्यांवर जगताना पाहिले होते. दोघांनाही भीती एकच होती, उपाय मात्र उलटे.

शेवटी अप्पा एका वर्षापुरते "बघ बाबा" म्हणाले. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, सहा फूट खोल खड्डा झाला. त्यात पंधराएक टन माल मावतो. पाच दुभती जनावरे, प्रत्येकी रोज वीस किलो, म्हणजे पाच महिन्यांची बेगमी. कडबाकुट्टीवर मका बोटाच्या पेराएवढा तोडला. दादा मूठभर कुट्टी घट्ट दाबून मूठ उघडी. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर माल योग्य. पाणी ठिबकले तर थोडा सुकू द्यायचा. मग वीतभर थर, त्यावर ट्रॅक्टर, कडेकोपऱ्यांना माणसांचे पाय. तुडवणे हेच यातले खरे काम. तोडलेला मका काही काळ श्वास घेतच असतो. आत हवा राहिली तर तापतो, साखर जाळतो, बुरशी धरतो. हवा संपली की दही लावणाऱ्या जिवांच्याच जातकुळीतले जीव त्या साखरेचे आम्ल करतात. सामू चारच्या आसपास उतरला की सगळी हालचाल थंडावते आणि घास महिनोन्‌महिने टिकतो. लोणच्यावर तेलाचा थर करतो ते काम इथे प्लॅस्टिकचा कागद आणि वरची फूटभर माती करते. पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही.

महिना होतो न होतो तोच भाऊबीज आली. मी मुलांना घेऊन गेले. दुपारी सगळी निजलेली. मुलांना दाखवावे म्हणून मी कोपऱ्याची माती सारली, कागद उचलला, हात घालून मूठभर घास काढला. हिरवट पिवळा, आंबूस गोड वासाचा. किती छान! मग कागद पसरला, वर चार ढेकळे टाकली आणि चहाला गेले. त्याच आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला.

संक्रांतीला खड्डा उघडला तेव्हाही मी तिथे होते. तो कोपरा काळा पडलेला, वर पांढरी बुरशी, वास नासक्या लोण्याचा. असला घास जनावराला, त्यातून गाभणीला, घालायचाच नसतो. तीन टन उकिरड्यावर गेले. म्हणजे अख्खा वैशाख गेला. अप्पा दादाला म्हणाले, "कोपरा तुडवला न्हाईस." दादा खाली मान घालून ऐकत राहिला. आणि मी, चारशे मुलांपुढे तोंड चालवणारी बाई, गप्प राहिले.

चैत्रात वहिनीचा फोन आला. कडब्याला पैसे हवेत म्हणून तिने वासरापासून वाढवलेली पंढरपुरी रेडी विकली होती. तिने तक्रार केली नाही, नुसते सांगितले. त्या रात्री मी दादाला खरे काय ते बोलले. तो बराच वेळ थांबून म्हणाला, "झालं ते झालं. अप्पांना नको सांगू." पण न सांगून भागणार नव्हते. "एकदा नासलं ते नासलं" म्हणून त्यांनी पुढच्या मक्याला नाही म्हटले होते. मी सुट्टीत जाऊन ओसरीवर त्यांच्यापुढे बसले आणि सांगून टाकले.

अप्पांनी तंबाखू मळत सगळे ऐकले. "आजीच्या बरणीला हात लावला असतास का गं असा?"

"नाही."

"मग खड्ड्याचा दोष न्हाई," ते म्हणाले, आणि आत जाऊन दादाला बियाण्याचे विचारू लागले. बियाणे आणि कागदाचे पैसे मी दिले. रेडीचे द्यायला लागले तर वहिनीने घेतले नाहीत, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

त्याला आता तीन पावसाळे झाले. खड्डा उघडला की सबंध तोंडावरून रोज लागेल तेवढा काढून पुन्हा झाकायचा, हेही घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. कडब्याची गंज आहेच. अप्पा म्हणतात, भाकरीबरोबर लोणचं असतं, लोणच्याबरोबर भाकरी न्हाई. मालदांडीचे रान तसेच ज्वारीचे राहिले.

यंदा भाऊबीजेला पोचले तो खड्ड्याशेजारी बाज टाकलेली. वर अप्पा, हाताशी काठी. मला पाहून उठून बसले.

"ये गं," म्हणाले, "पन तिकडनं ये."