नंबर नसलेल्या ई-बाइकचा विमा कोण उतरवणार?

"लायसन नको, पासिंग नको, विमाही नको." बॅटरीवरच्या दुचाकीच्या दुकानात शिरले की पहिल्या पाच मिनिटांत हे ऐकायला मिळते. मुलीला शिकवणीला जायचे असते, अब्बांना फजरच्या नमाजला मशिदीपर्यंत चालवत नाही, थोरल्याला दुकानातला माल पोहोचवायचा असतो. पेट्रोल वाचते, आरटीओच्या खेपाही वाचतात, मग घरातली सल्लामसलत फार लांबत नाही. दुकानदार अगदीच खोटे बोलतो असेही नाही. त्याचे म्हणणे एका विशिष्ट गाडीपुरते खरे असते. पण तीच गाडी घरी आल्यावर, कधी कधी तर दुकानातून बाहेर पडायच्या आधीच, दुसरी गाडी झालेली असते. विम्याचा सगळा घोळ इथे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी एक रेघ आखून दिली आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. पेडलची सायकल असेल तर वेग २५ वर पोहोचताच किंवा पाय थांबताच मोटरची मदत बंद झाली पाहिजे. अशा गाडीला नोंदणी नाही, लायसन नाही आणि सक्तीचा विमाही नाही. कायद्याच्या नजरेत ती आपल्या साध्या सायकलच्या रांगेत बसते. मात्र ही सूट दुकानदाराच्या शब्दावर मिळत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेने त्या मॉडेलची चाचणी घेऊन तसे प्रमाणपत्र दिलेले असावे लागते. खरेदीच्या वेळी त्याची प्रत मागून घ्यावी. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान गाठावे, हे बरे.

पंचवीसचा हा आकडा फक्त आपल्याकडचा नाही. युरोपातही २५० वॅट आणि २५ किलोमीटरपर्यंतची ई-सायकल ही सायकलच मानतात, आणि ४५ किलोमीटरपर्यंत धावणारी वेगवान ई-सायकल वेगळ्या वर्गात जाते. जर्मनीत अशा सायकलला मागे छोटी विम्याची पाटी लावावी लागते. पाटीचा रंग दरवर्षी १ मार्चला बदलतो, काळा, निळा, हिरवा असा फिरत राहतो. विमा संपलेली सायकल त्यामुळे लांबूनच ओळखू येते. म्हणजे तिथे वेगवान सायकलला विमा लागतो आणि तो मिळतोही. आपल्याकडे अडचण या दुसऱ्या गोष्टीची आहे.

होते काय, तर कमी वेगाच्या गाडीच्या कंट्रोलरमध्ये वेगावर लगाम ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो एका वायरीवर असतो. ती वायर काढली की पंचवीसची गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळू लागते. काही ठिकाणी हे काम ग्राहकाला खूश करण्यासाठी फुकटात करून मिळते. दुसरा प्रकार किटचा. जुन्या सायकलच्या चाकात ५०० वॅटची मोटर बसवायची, कॅरिअरवर ४८ व्होल्टची बॅटरी बांधायची, झाली हायस्पीड सायकल तयार. मुलांच्या हुशारीचे कौतुक वाटते, आणि ते वाटणे चूकही नाही. पण त्या क्षणी गाडी सवलतीच्या रेघेबाहेर गेलेली असते. ती आता मोटार वाहन आहे. मोटार वाहन म्हणजे नोंदणी हवी, लायसन हवे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमाही हवा.

आणि हा विमा तिला मिळत नाही. विमा कंपनी नोंदणी क्रमांक मागते, चेसिस आणि मोटरचा क्रमांक मागते. वायर काढलेल्या गाडीची किंवा घरी बनवलेल्या सायकलची नोंदणी आरटीओ करणार नाही, कारण त्या रूपात तिला मान्यताच नाही. कायद्याला दिसते, पण विमा कंपनीला दिसत नाही, अशी ही गाडी! पकडली गेली तर दंड एकावर एक चढतात. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, विना लायसन ५ हजार, विना विमा पहिल्या वेळी २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तरीही दंड ही यातली लहान बाब आहे.

मोठी बाब अपघाताची. समजा, अशा गाडीखाली रस्ता ओलांडणारा तीस वर्षांचा माणूस सापडला आणि दगावला. स्वतःचा छोटा धंदा, कमाई महिन्याला २० हजार, घरात बायको, दोन मुले आणि आई. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी मोजते, ते सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत ठरवून दिले आहे. तरुण वयामुळे कमाईत पुढची वाढ म्हणून ४० टक्के धरायचे, म्हणजे २८ हजार. त्यातून मयताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. तीस वर्षांच्या वयाला गुणक १७. हिशेब होतो ४२ लाख ८४ हजार रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा त्यावर वेगळ्या, व्याज वेगळे. विमा असता तर हे पैसे कंपनीने दिले असते. नसेल तर वसुली गाडीच्या मालकाकडून होते. गाडी अब्बांच्या नावाने घेतलेली असेल तर त्यांचे घर आणि शेत यात येते. आणि ज्याच्याकडे घरही नाही, शेतही नाही, त्याच्याकडून मयताच्या बायकोमुलांना काय मिळणार? निकालाचा कागद मिळतो, त्याने चूल पेटत नाही.

इथे आपल्या घरांत हमखास एक प्रश्न येतो. विमा घ्यावा की नाही? त्यात सूद आहे, गरर आहे, असे म्हणून अनेकजण हात आखडता घेतात. हा संकोच निराधार नाही. १९८५ साली जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा, म्हणजे तकाफुल, हा पर्याय सांगितला. आपल्या देशात तकाफुल कंपनीची सोय नाही. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा मात्र अनेक उलेमा मजबुरी म्हणून जायज ठरवतात. त्यापुढचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यावा का, यावर मते वेगळी आहेत. ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण थर्ड पार्टी विमा आपल्या फायद्यासाठी नसतो, ही गोष्ट चर्चेत मागे पडते. त्यातला पैसा आपल्या गाडीने ज्याला धक्का दिला त्याच्या घरी जातो. चुकून झालेल्या हत्येतही वारसांना दियत देणे कुरआनने (सूरह निसा, आयत ९२) लावून दिले आहे. जुन्या काळी ही रक्कम एकट्या माणसाला झेपणार नाही म्हणून त्याची आकिला, म्हणजे भाऊबंद, मिळून भरत. आज भाऊबंद पांगलेले, पण मयताच्या वारसांचा हक्क होता तिथेच आहे. विम्याबद्दल मनात संकोच असेल तर त्यावरून निघणारा नतीजा एवढाच, की पंचवीसच्या आतली गाडी घ्यावी आणि तिला पंचवीसच्या आतच ठेवावे. विमा नको पण वेग हवा, या भूमिकेला आधार कुठेच सापडत नाही.

वेग खरोखर हवा असेल तर नोंदणीची, हिरव्या नंबरप्लेटची गाडी घ्यावी. विमा त्यामानाने स्वस्त आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तीन किलोवॅटपर्यंतच्या बॅटरीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ४५७ रुपये, तीन ते सात किलोवॅटपर्यंत ६०७ रुपये, जीएसटी वेगळा. नव्या गाडीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तो अनुक्रमे २,४६६ आणि ३,२७३ रुपये. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते, तेही पाहून घ्यावे.

एक फसगत नेहमीची आहे. विमा पाच वर्षांचा आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण चोरी, आग, पूर, दंगल यांत आपल्या गाडीचे जे नुकसान होते त्याचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. तो संपलेला असतो आणि कोणी बघितलेले नसते. शिवाय साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच, त्यामुळे घसारा न कापणारी जोड पॉलिसी घ्यायची तर इथे ती कामाची. चार्जर आणि घरी चार्जिंग करताना लागणारी आग त्यात धरली आहे का, हे एजंटकडून लिहून घ्यावे. तोंडी "सब है भाई" चालत नाही.

खाण्याची पार्सले किंवा कुरिअर पोहोचवणाऱ्या मुलांनी पॉलिसीतले वापराचे कलम वाचावे. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाडे घेऊन वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. त्या वापरात अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा दावा अडकतो. अल्पवयीन मुलाच्या हातात अशी गाडी देणे तर कलम १९९अ खाली पालकावर येते. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

कमी वेगाचीच गाडी घेतली असेल तर सक्ती नाही, पण हातपाय आपलेच मोडतात आणि धक्काही लागू शकतोच. निष्काळजीपणाचा गुन्हा सायकलस्वारावरही होतो, भरपाईचा दिवाणी दावाही होतो. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण देते. ते स्वतःपुरते आहे, समोरच्यासाठी नाही. काही कंपन्या सायकलचा विमाही देतात, त्यात समोरच्याच्या नुकसानीची जबाबदारी घेतलेली आहे का, ते विचारावे.

जुनी गाडी घेताना वेग एकदा मोकळ्या जागी स्वतः तपासावा. विकणाऱ्याने वायर काढलेली असेल तर ती परत जोडून घ्यावी, मगच पैसे मोजावेत. नंबरची गाडी असेल तर एमपरिवहन ॲपवर नोंदणी आणि विम्याची तारीख जुळते का, ते बघावे. आरसी आपल्या नावावर झाली तरी पॉलिसी आपोआप पूर्णपणे आपली होत नाही, त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो.